दास्याचं जेवण

हडपसरला गाडीतळापासून आत, कालव्याच्या अंगाला, आम्ही भाड्याने राहत होतो. त्या घरात सकाळी सर्वांत आधी ऐकू यायचा तो परातीचा आवाज. आई ज्वारीचं पीठ मळायला बसली की परात फरशीवर जराशी सरकायची, मग आईचा गुडघा तिला अडवायचा, आणि थोड्या वेळाने भाकरी थापल्याचे चपचप आवाज सुरू व्हायचे. ते आवाज ऐकतच मी जागी होत असे. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली स्टीलच्या ताटांची उंच चळत, आणि बाहेर पत्र्याच्या छपराखाली लांबलचक सतरंज्या. आमच्याकडे मेस होती. बाबा जवळच्याच एका कंपनीत कामाला होते, पण घराला ओळखायचे ते आईच्या मेसमुळे. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडची मुलं पुण्याला शिकायला यायची, पुण्याच्या गोड आमटीला कंटाळायची आणि शोधत शोधत आमच्या अंगणात येऊन बसायची. गोळाभात, पाटवडीचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा, तेलाचा तवंग आलेलं वांग्याचं भरीत. पहिल्या घासाला त्यांचे डोळे भरून यायचे; अर्धं गावच्या आठवणीने, अर्धं तिखटाने.

तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. आमच्याकडे जेवणारी बरीच मुलं दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी असला एखादा क्लास करत. जेवताना त्यांच्या बोलण्यात जे शब्द यायचे ते आईला कळत नसत, मलाही फारसे नाही. त्यांतल्या नितीन नावाच्या यवतमाळच्या मुलाने त्याच्या खोलीवर एक पिल्लू पाळलं होतं. काळं-तपकिरी, कान अर्धे उभे अर्धे पडलेले, बाप अल्सेशियन असावा आणि आई रस्त्यावरची. त्याचं नाव त्यांनी कॉम्प्युटर क्लासमधल्या एका शब्दावरून डॉस ठेवलं होतं. नितीनला बंगलोरला नोकरी लागली आणि जायच्या दिवशी तो पिल्लाला शर्टाच्या आत घालून आमच्याकडे आला. "काकू, तुमच्या हातचं खाऊन आम्ही जगलो, हाही जगेल," म्हणाला. आईने पिल्लाला हातात घेतलं, त्याच्या फासळ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "कायले रे असा वाळला हा? काय नाव म्हनलं? दास?" तेव्हापासून तो दास्या झाला.

इथे मला आईबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. पुण्याला येण्याआधी, वर्धेकडच्या आमच्या गावी, माझा धाकटा भाऊ सिद्धू गेला. तो आजारी होता, आणि शेवटी शेवटी काही खायचा नाही. आई चमच्यात पेज घेऊन त्याच्याजवळ बसायची आणि तो तोंड भिंतीकडे करायचा. मी लहान होते, मला बाकी काही आठवत नाही, ते तोंड फिरवणं तेवढं आठवतं. आमच्या घरात त्याचं नाव क्वचित निघे. पण ताटात कुणी अन्न टाकलं तर आई रागावत नसे, घाबरत असे. मेसमधला एखादा मुलगा तापाने निजला तर ती माझ्या हाती डबा देऊन मला त्याच्या खोलीवर पिटाळायची आणि परत आले की विचारायची, "खाल्लं का त्यानं? तुह्यासमोर खाल्लं?"

आणि दास्या खात नव्हता.

पहिल्या दिवशी आईने त्याला दूध-भाकरी कुस्करून वाडग्यात घातली. त्याने हुंगली, जीभ लावली आणि तोंड बाजूला केलं. आई बराच वेळ उभी राहिली. मग तिने भातावर रश्श्याचं पाणी घातलं, तेही नाही. मग अंडं उकडलं. पिवळं खाल्लं, पांढरं तसंच. दुसऱ्या दिवशी पिवळंही नको झालं. रविवारच्या मटणातली कलेजी बाजूला काढून दिली, ती त्याने अशी खाल्ली की आई हसली, कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. आणि सोमवारी त्याच कलेजीकडे त्याने बघितलंही नाही. आई हातात घास घेऊन त्याच्यामागे अंगणभर फिरू लागली. तो तुळशीच्या डब्यामागे, ती तुळशीच्या डब्यामागे. तो खाटेखाली, ती खाटेपाशी पालथी पडून, हात आत घालून. "दास्या, एकच. पाह्य ना बाप्पा, एकच." मेसची मुलं ताटातलं त्याच्याकडे भिरकावत. कुणाची पोळी तो खायचा, कुणाची नाही. नाही म्हटलं की याहून चांगलं मिळतं, हे तो आमच्याकडे शिकत होता, आणि आम्ही सगळे मिळून मोठ्या प्रेमाने त्याला ते शिकवत होतो.

शेवटी बाबा वैतागले आणि आम्ही त्याला गाडीतळाजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे गृहस्थ होते, शहरातून रोज स्कूटरवर येत, आणि माणसांपेक्षा जनावरांशी जास्त आदराने बोलत. त्यांनी दास्याचं पोट दाबलं, दात बघितले, खाली सोडलं आणि आईला विचारलं, "काय देता?"

आई सांगत गेली. दूध-भाकरी, भात, अंडं, कलेजी, बिस्कीट, पनीर.

"हे सगळं एका दिवसात?"

"एक नाही खाल्लं का मंग दुसरं."

"म्हणजे हॉटेल काढलंय त्याच्यासाठी."

"मेस आहे आमची," बाबा म्हणाले.

"अस्सं. मग मेसमध्ये एखाद्याने ताट सारलं, तर आपण त्याला दुसरी भाजी करून घालता?"

आईने दास्याला उचलून घेतलं.

"कुत्र्याला काही झालेलं नाही," डॉक्टर हात धूत म्हणाले. "दोन वेळा ठरवा. वाडगं ठेवा. खाल्लं तर खाल्लं, नाही तर थोड्या वेळाने उचला. मध्ये काही नाही. दोन दिवस रुसेल, मग खाईल. उपाशी मरायची अक्कल कुत्र्यांना नसते."

येताना सिक्स सीटर रिक्षात आईने त्याला मांडीवर घेतलं होतं. ती सारखी त्याच्या पोटावर हात ठेवून बघत होती. त्या दिवशी संध्याकाळी वाडगं ठेवलं, त्याने तोंड फिरवलं, बाबांनी वाडगं उचललं. तो दारात बसून बारीक आवाजात कुंई कुंई करू लागला. आई भाकऱ्या करत होती. एक भाकरी करपली. आईच्या हातची करपलेली भाकरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दुसरी करपायच्या आत ती उठली आणि तूप-गूळ लावलेली भाकरीची कोर त्याला घालून आली. बाबा बघत राहिले. आम्हा तिघांनाही त्या खोलीत आणखी कोण आहे ते ठाऊक होतं.

आज मी खराडीला ज्या इमारतीत राहते तिथे बऱ्याच घरी कुत्री आहेत. त्यांचं खाणं पाकिटातून येतं, त्यांना शिकवायला माणसं येतात, आणि लिफ्टमध्ये तिथल्या तरुण मुली एकमेकींना सांगतात की हा दोन दिवस नीट जेवला नाही, तर मी अशी घाबरले. मी ऐकते. त्यांच्यापैकी कुणी विचारलंच तर त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलंच सांगते. पण सांगताना माझा आवाज मला खोटा वाटतो, कारण खरं असलेलं ते सगळं आमच्या घरात आणून उपयोग झाला नव्हता.

दास्याचे दुधाचे दात पडून नवे आले आणि त्याचं दुसरं दुखणं सुरू झालं. एकदा रश्श्यातलं एक हाड खाली पडलं. ते त्याने उचललं आणि खाटेखाली नेलं. मी सहज वाकून बघितलं तर आतून असा आवाज आला की मी मागच्या मागे बसले. तो गुरगुरणारा आणि आमच्या मांडीवर झोपणारा एकच होता यावर माझा विश्वास बसेना. मग ते वाढत गेलं. जे तो खायचा नाही तेही राखू लागला. वाडग्यात भात तसाच पडलेला असायचा, माश्या बसलेल्या असायच्या, आणि हा वाडग्याला छाती लावून, मान खाली, डोळे तिरपे करून पडलेला. जवळून कुणी गेलं की घशातून घरघर. झाडू त्या कोपऱ्यात फिरेनासा झाला. नितीनच्या खोलीवर पूर्वी राहिलेला एक मुलगा म्हणाला, "काकू, तिथं आम्ही त्याची मजा करायचो. ताटली पुढं ठेवायची, खायला लागला की ओढून घ्यायची. कसा नाचायचा." तो हसत सांगत होता. आईने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला भात वाढायला विसरली.

बाबांच्या कंपनीत तेव्हा रोज नवी आवई उठायची. कुणी म्हणे खातं बंद होणार, कुणी म्हणे माणसं कमी करणार. बाबा घरी येत तेव्हा त्यांचा चेहरा दिवसभर कुणासमोर तरी उभा राहून आलेल्या माणसासारखा असे. त्यांच्याबरोबरच्या एकाकडे मोठा अल्सेशियन होता. त्याने सांगितलं, कुत्र्याला घरचा धनी कोण ते कळलं पाहिजे. खाताना वाडगं काढून घ्यायचं, गुरगुरला की ठोकायचं. बाबांनी ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी दास्या खायला लागला की बाबा वाडगं ओढायचे. तो गुरगुरला की चप्पल. परत वाडगं, परत ओढायचं, परत चप्पल. मी आत पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि चपलेचे आवाज ऐकायचे. "अवो, राहू द्या ना. तसंबी तो कुठं खाते," आई म्हणायची. बाबा म्हणायचे, "तुझ्या लाडानंच हे झालंय."

आणि काही दिवसांनी तो खरंच गुरगुरायचा थांबला. बाबा वाडगं ओढत, तो नुसता ताठ उभा राहून बघत असे. "बघा," बाबा आम्हाला म्हणाले, "सुधारला." त्या दिवसांत त्यांच्या हातून सुधारलेलं दुसरं काही नव्हतं, म्हणून आम्हीही हो म्हटलं.

तो रविवार होता. रविवारी मेसमध्ये दुपारी मटण असायचं आणि अंगण भरलेलं असायचं. स्वयंपाकघराच्या दाराशी दास्याचं वाडगं होतं. आईने त्याला भात घातला होता, तो खात होता आणि थांबत होता, खात होता आणि थांबत होता. आई परातीत शेवटचं पीठ मळत होती. तिच्या मनात आलं असेल, कोरडा लागत असेल त्याला. ती उठली, पिठाचे हात पदराला पुसले, पातेल्यातला रस्सा पळीत घेतला आणि त्याच्या वाडग्यात ओतायला वाकली. त्याच्याकडून काही घ्यायला गेली नव्हती ती. तिने त्याचं नावही घेतलं, "घे दास्या." त्याने आवाज केला नाही. मला नुसतं दिसलं की पळी फरशीवर आपटली आणि आईचा उजवा हात त्याच्या तोंडात आहे.

मुलं धावली. कुणी पाट फेकला, कुणी पाणी. दास्याने हात सोडला आणि मागच्या दाराने पळाला. आई तिथेच परातीपाशी बसली. अंगठ्याच्या बुडाशी फाटलं होतं आणि रक्त हातावरून कोपराकडे, कोपरावरून परातीतल्या पिठात गळत होतं. ती ओरडली नाही. तिने आधी डाव्या हाताने परात बाजूला सारली आणि मला म्हणाली, "सुजे, हे पीठ टाकून दे व. दुसरं भिजव. पोट्टे उपाशी हायेत."

इंजेक्शनं झाली. टाके झाले. मग हात सुजला, आत पू झाला, ऑपरेशन करावं लागलं. घरी आली तेव्हा तिचा अंगठा सरळ होता आणि सरळच राहिला. दवाखान्यातल्या बाईंनी मऊ चेंडू दाबायला सांगितला होता. ती खाटेवर बसून चेंडू दाबायचा प्रयत्न करायची, चार बोटं मिटायची आणि अंगठा बाहेर तसाच उभा. भाकरी थापायला अंगठा लागतो, हे आम्हाला त्याआधी कधी सुचलं नव्हतं. पीठ मळायला लागतो, कांदा धरायला लागतो, पातेलं उतरवायला लागतो.

मी बारावीला होते. कॉलेजला जायची थांबले आणि मेस चालवायला घेतली. आई शेजारी पाटावर बसून सांगायची, मीठ एवढं, तिखट एवढं, आता विस्तव कमी कर. मी तिच्या शब्दाप्रमाणे करायचे आणि ते तिच्यासारखं व्हायचं नाही. माझ्या भाकरीला चिरा पडायच्या. मुलं चांगली होती, मुकाट जेवायची. पण हळूहळू कुणाची परीक्षा आली, कुणाला खोली लांब पडू लागली, कुणाला कंपनीतच कॅन्टीन मिळालं. "काकू, बऱ्या झाल्या की येतोच आम्ही," असं म्हणून प्रत्येकजण पाया पडून गेला. सतरंज्यांपैकी आधी एक गुंडाळली गेली, मग दुसरी. एका सकाळी मी जागी झाले आणि घरात काहीच आवाज नव्हता. आई जागी होती, खाटेवर बसून रिकाम्या अंगणाकडे बघत होती.

दास्या चावला त्याच दिवशी संध्याकाळी परत आला होता. बाबांनी त्याला मागच्या बाजूला पेरूच्या झाडाला बांधलं. कॉर्पोरेशनची कुत्री धरायची गाडी बोलावतो म्हणाले. आई म्हणाली, "नाही." नुसतं एवढंच. पण ती मागच्या दाराशी कधी गेली नाही. त्याचं नावही घेत नसे. त्याला मी खायला घालत होते. मला दुसरं कुणी बोलायलाही नव्हतं.

मी एकटी त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरगुरत होता तोवर बरं होतं. सांगत तरी होता. तुम्ही मारून मारून त्याचं सांगणं बंद केलंत." मग, बहुधा माझं तोंड बघून, त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि नीट समजावलं. वाडग्याला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं आणि वाडग्यात जे आहे त्याहून चांगलं काहीतरी त्याच्याकडे टाकायचं, आणि निघून जायचं. माणूस जवळ येतो तो न्यायला नाही, द्यायला येतो, हे त्याला कळायला हवं. "आणि लाडीगोडी नाही. न खाल्लं तर तो वळल्यावर उचला."

"बरा होईल का?" मी विचारलं.

"तुमच्यापुरता होईल. जगाची खात्री मी देत नाही."

पहिले दोन दिवस तो उपाशी राहिला. मागून त्याचं कुंई कुंई ऐकू यायचं आणि आई पुढच्या खोलीत कानांवर पदर ओढून बसायची. तिसऱ्या दिवशी त्याने कोरडी भाकरी खाल्ली, सगळी, आणि वाडगं चाटून सरकवत झाडापर्यंत नेलं. मी आत सांगायला गेले. आईने मान हलवली आणि डोळे पुसले. मग मी रोज खाटकाकडून आणलेल्या तुकड्यांतला एकेक तुकडा लांबून टाकू लागले. आधी विहिरीच्या कठड्यापासून, मग धुण्याच्या दगडापासून, मग त्याहून जवळून. त्याची पाठ मी बघत असे. ती ताठ झाली की मी मागे सरकायचे. उन्हाळा त्यात गेला, पावसाळाही गेला. मेस गेली, कॉलेज गेलं, आणि मी एका कुत्र्यापासून किती लांब उभी राहू शकते एवढाच माझा उद्योग होता. शेवटी एक दिवस मी वाडग्याजवळ उकिडवी बसले, तो जेवत होता, आणि त्याने खाता खाता शेपूट हलवली. दाखवायला मी मागे वळून बघितलं तर दारात कुणी नव्हतं.

त्यानंतर लवकरच जागामालकांनी जागा बिल्डरला दिली. बाबांची कंपनीही त्याच सुमारास मिटली. खराडीला एका कॉम्प्युटर कंपनीच्या फाटकावर त्यांना काम मिळालं. गळ्यात कार्ड अडकवलेली मुलं आत जायची, त्यांत कधी आमच्या मेसमधलं कुणी असायचं, "काका, काकू कशा आहेत?" विचारायचं, आणि बाबा ताठ उभे राहून "मजेत" म्हणायचे. भाड्याने मिळाली ती सोसायटीतली एक खोली आणि स्वयंपाकघर, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीचे सेक्रेटरी आईच्या हाताकडे बघून म्हणाले, "हे कशाने झालं?" बाबांनी खरं सांगितलं. "मग कुत्र्याचा प्रश्नच येत नाही," ते म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

चावणारा कुत्रा कुणी घेत नाही. शेवटी मांजरी गावचे बबनराव हो म्हणाले. मेसला कांदे-भाजी तेच घालायचे, नदीच्या अंगाला त्यांचं शेत होतं. मी त्यांना सगळं बजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवं ताई, शेतावर कोन त्याच्या वाडग्यात हात घालतंय?" टेम्पोत चढवताना दास्या माझ्या हातातला तुकडा खात होता.

आठवडा झाला नसेल, बबनरावांचा शेजारच्या घरी फोन आला. "आल्यापासनं काय खाल्लं न्हाय बघा त्यानं. मटान बी टाकलं. नुसता त्वांड फिरवतोय." मी आईला सांगितलं तेव्हा ती खिडकीशी बसली होती. ती उठली, ओट्याशी गेली आणि डाव्या हाताने तांदूळ धुवायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "सर बाजूले." भात, वर पातळ रस्सा, तुपाचा थेंब. डबा तिने स्वतः फडक्यात बांधला, फडक्याचं एक टोक दातात धरून.

सिक्स सीटर आम्हाला शेताच्या रस्त्यावर सोडून पुढे वळून उभी राहिली. दास्या गोठ्याशी बांधलेला होता. आम्हाला बघून तो उठला, पण उडी मारली नाही, नुसतं सगळं अंग हलू लागलं. आई त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याच्याजवळ जात होती. "आई, लांबून दे," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. ती त्याच्यासमोर मातीत बसली, डबा वाडग्यात उपडा केला आणि भात कालवायला उजवा हात वाडग्यात घातला, तोच, ताठ अंगठ्याचा. दास्याने हात हुंगला. अंगठ्याच्या बुडाशी त्याचं नाक थांबलं. मग तो तिच्या बोटांच्या मधूनच खाऊ लागला. आधी हळू, मग गपागप. आईचा हात आतच होता. "खाय बाप्पा," ती म्हणत होती, "खाय. खाय."

बबनराव माझ्या कानाशी लागले. "आता निघा. खातोय तवर निघा. न्हायतर मागं यील. दावं सोडलंय मी आत्ता, बांधून खात न्हाय म्हनून." मी आईच्या खांद्याला हात लावला. तिने हात हळूच बाहेर काढला, पदराला पुसला, आणि आम्ही मागे न बघता रस्त्याला आलो. गाडी सुरू झाली. तेव्हा मी बघितलं. त्याने वाडग्यातून डोकं वर काढलं होतं. भात अजून अर्ध्याहून जास्त होता. शेतावरची दुसरी दोन कुत्री वाडग्याकडे येत होती. त्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना वाडगं सोडून तो आमच्याकडे पळत सुटला. धुळीत तो दिसायचा, नाहीसा व्हायचा, परत दिसायचा. ड्रायव्हर आरशात बघून हसला. मी म्हटलं, "थांबू नका." मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो होता. आईने एकदाही वळून बघितलं नाही, पण तिला कळलं होतं. "जेवन टाकून आला ना व तो?" ती म्हणाली. मी हो म्हटलं. त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

हिवाळ्यात बबनराव काही कामाने खराडीला आले होते, ते घरी येऊन गेले. पिशवीभर मटार आणला होता. मोठ्या आनंदाने सांगू लागले, "तुमचं कुत्रं लई शानं झालं, वैनी. लई म्हंजी लई. वाडग्यावर कोंबड्या येत्यात, दुसरी कुत्री येत्यात, पोरं वाडगं उचलून नेत्यात. गुरगुरनं न्हाय, काय न्हाय. बाजूला हुतंय आन बसतंय."

बाबा म्हणाले, "चला, बरं झालं."

आई मटार सोलत होती. चार बोटांनी शेंग दाबून ती फोडायला तिला शिकावं लागलं होतं. तिने विचारलं, "आवडीनं खाते का तो?"

बबनराव चहा बशीत ओतत होते. "टाकलं की खातंय," ते म्हणाले. "कुत्र्याला कसली आलीय आवडनिवड."